पंचेंद्रियांची बाग : झाडे कशी निवडाल?

शाळेची बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? झेंडूचे पिवळेधमक वाफे, लाल जास्वंदी, कडेने मेंदीचे कातरलेले कुंपण आणि ‘फुलांना हात लावू नये’ अशी पाटी. या वर्णनातील एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? ही सारी बाग डोळ्यांपुढे उभी राहिली. नाकापुढे, कानापुढे किंवा बोटांपुढे नव्हे. हात लावायला तर पाटीनेच बंदी केली!

आता तुमच्या शाळेतील एखाद्या अंध किंवा अगदी अंधुक दिसणाऱ्या मित्राचा विचार करा. त्याच्या लेखी ही बाग म्हणजे ओल्या मातीचा एक पट्टा. त्यात चुकून पाऊल पडले तर ओरडा बसतो, एवढीच काय ती तिची ओळख. शाळेतील सर्वांत सुंदर जागा त्याच्यापुरती रिकामी असते. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने अशा मुलांना इतरांबरोबर त्याच शाळेत शिकण्याचा हक्क मान्य केला आहे. वर्गात तो आपल्या शेजारी बसतो; मग बागेतच तो बाहेर का?

नाक, कान, त्वचा आणि जीभ यांनाही डोळ्यांइतकेच काम मिळेल अशी बाग करता येते. तिला आपण ‘पंचेंद्रियांची बाग’ म्हणू या. ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन वनस्पती उद्यानात अशी सुगंधी बाग १९५५ सालापासून आहे. तेथे वाफे हाताच्या उंचीवर असून पाट्या ब्रेल लिपीत आहेत. परंतु तेथील झाडांची यादी जशीच्या तशी उचलून आपले काम होणार नाही. थंड देशांतील पुस्तके लव्हेंडरची शिफारस करतात, आणि ते बिचारे आपल्या पावसाळ्यात सहसा तग धरीत नाही. यादी आपली आपणच केली पाहिजे. त्यासाठी वनस्पतिशास्त्र तर हवेच. पण थोडे पदार्थविज्ञानही हवे. ते कसे, हे या लेखात पाहू.

प्रत्येक इंद्रियाचे अंतर वेगळे

झाड आणि आपण यांच्यामध्ये संदेश कशाने पोचतो, हा पहिला प्रश्न. डोळ्यांकडे प्रकाश येतो, कानाकडे हवेतील कंपने येतात, नाकाकडे प्रत्यक्ष झाडाचे रेणू येतात. स्पर्श आणि चव यांना मात्र मध्यस्थ नाही. तेथे अंतर शून्य असावे लागते. म्हणून स्पर्शाचे झाड वाटेच्या अगदी कडेला हवे. आवाजाचे झाड कोपऱ्यात लांब असले तरी चालते. वासाच्या झाडाचे अंतर त्या वासाच्या जातीवर अवलंबून असते. झाड निवडताना ‘ते सुंदर आहे का?’ असे न विचारता ‘ते कोणत्या इंद्रियाला, किती अंतरावरून आणि केव्हा काय सांगते?’ असे विचारावे. सारी निवड या एका प्रश्नात आहे.

स्पर्श : बोटांना वाचता येतील अशी पाने

एक सोपा प्रयोग करा. कंपासपेटीतील कर्कटकाची दोन्ही टोके बोथट करा (किंवा दोन आगकाड्या घ्या). मित्राला डोळे मिटायला सांगून ती टोके त्याच्या तर्जनीच्या पेरावर हलकेच टेकवा आणि ‘एक की दोन?’ असे विचारा. टोकांमधील अंतर कमी करीत गेलात तर २ ते ३ मिलिमीटरपर्यंत तो ‘दोन’ असे बरोबर सांगेल. हाच प्रयोग पाठीवर केलात तर टोके ४ सेंटीमीटरच्या आसपास दूर नेईपर्यंत तो ‘एक’च म्हणत राहील. लुई ब्रेल याने १८२९ साली प्रसिद्ध केलेल्या लिपीत शेजारशेजारच्या दोन टिंबांमधील अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते. म्हणजे बोटाच्या पेराला जे वाचता येते, नेमके तेच माप त्या लिपीत आले आहे.

पानांनाही हाच नियम लावा. ज्याची खूण बोटाला चटकन ‘वाचता’ येते ते पान आपल्या उपयोगाचे. पारिजातकाचे पान काचकागदासारखे खरखरीत असते. पानओव्याचे पान जाड व मखमली लागते. कोंबड्याचे फूल रेशमी वळ्यांचे असते. गवती चहाचे पाते बुंध्याकडून टोकाकडे बोट फिरवल्यास गुळगुळीत, पण उलट फिरवल्यास करवतीसारखे लागते, कारण कडेवरचे बारीक दात टोकाकडे वळलेले असतात. तेव्हा बोट कोणत्या दिशेने फिरवायचे, हे शिकवूनच मुलांना त्याच्याजवळ न्यावे.

स्पर्शात केवळ पृष्ठभाग येत नाही, उष्णताही येते. सकाळी कोरफडीचे पान हातात धरले तर गार वाटते आणि शेजारचे कपाशीचे फुटलेले बोंड उबदार वाटते. तापमापकाने मोजले तर दोन्हींचे तापमान जवळजवळ सारखे भरेल. मग हा फरक कशाचा? आपली त्वचा वस्तूचे तापमान मोजीत नाही, तर आपल्या बोटांतून उष्णता किती वेगाने निघून जाते हे तिला कळते. कोरफडीचे पान पाण्याने भरलेले असते. कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २४ पट आहे. शिवाय तेवढेच तापण्यासाठी पाण्याला उष्णताही पुष्कळ लागते. म्हणून कोरफड आणि कपाशी यांची जोडी शेजारीशेजारी लावावी. भौतिकीच्या पुस्तकातील एक संपूर्ण प्रकरण तेथे एका हाताने शिकता येते.

यानंतर मान लाजाळूचा. हात लावताच तिची पाने मिटतात आणि साधारण १० ते २० मिनिटांत पुन्हा उघडतात. पानाच्या देठाशी एक फुगीर सांधा असतो. त्यातील पेशींमधून पाणी झपाट्याने बाहेर पडते, सांधा ढिला पडतो व पान मिटते. जगदीशचंद्र बोस हे मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक; त्यांनी या झाडातून जाणाऱ्या विद्युत्-संदेशांचा सूक्ष्म उपकरणांनी अभ्यास केला होता. ज्याला दिसत नाही त्या मुलाला झाड ‘उत्तर देते’ हे कळण्याचा दुसरा इतका सरळ मार्ग नाही. मात्र लाजाळूला काटे असतात आणि ती फार पसरते. म्हणून ती कुंडीतच ठेवावी.

पावसाळ्यात तेरडा हवाच. त्याचे पिकलेले बोंड चिमटीत धरले की फटकन फुटते, सालीच्या गुंडाळ्या होतात व बिया उडतात. ताणून धरलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा सुटावी, तसाच हा प्रकार. तेरडा दर वर्षी आपला आपण उगवतो, हा त्याचा आणखी एक गुण.

गंध : दुरून बोलावणारे आणि चुरल्यावर बोलणारे

वास येतो म्हणजे झाडातील बाष्पनशील तेलाचे रेणू आपल्या नाकात येतात. तेथील ग्राही प्रथिनांना ते चिकटतात. या ग्राहींचे कुटुंब रिचर्ड ॲक्सेल व लिंडा बक यांनी १९९१ साली शोधून काढले. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही आहेत. एकेक वास त्यांपैकी काहींना जागे करतो, आणि कोणकोण जागे झाले यावरून मेंदू वास ओळखतो.

बागेच्या दृष्टीने वासाच्या झाडांचे दोन वर्ग पडतात. सोनचाफा, मोगरा, अनंत, निशिगंध यांची फुले आपले रेणू स्वतःहून हवेत सोडतात. ही झाली दुरून बोलावणारी झाडे. तुळस, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा यांचे तेल पानांतील सूक्ष्म ग्रंथींत किंवा पेशींत कोंडलेले असते. पान चुरडल्यावरच वास दरवळतो. ही चुरल्यावर बोलणारी झाडे. पहिल्या वर्गातील झाड वाटेपासून दोन-तीन मीटर आत असले तरी चालेल. दुसऱ्या वर्गातील झाड मात्र हाताशीच हवे. आत लावले तर ते मुकेच राहील.

पण फुलांचा वास आपल्यापर्यंत येतो कसा? ‘विसरणाने’ असे उत्तर तुम्ही द्याल. जरा हिशोब करू. शांत हवेत अशा रेणूंचा विसरण-गुणांक सुमारे ०.०७ चौरस सेंटीमीटर प्रति सेकंद धरू. अंतर ल आणि गुणांक ड असेल तर लागणारा वेळ साधारणपणे ल × ल ÷ (२ × ड) इतका असतो. अंतर १ सेंटीमीटर असेल तर उत्तर येते सुमारे ७ सेकंद. अंतर १ मीटर, म्हणजे १०० सेंटीमीटर, असेल तर वेळ १०० पट नव्हे, १०,००० पट होतो! उत्तर येते सुमारे ७१,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ २० तास. म्हणजे निव्वळ विसरणावर विसंबलो तर सकाळी उमललेल्या चाफ्याचा वास मीटरभर अंतरावर दुसऱ्या दिवशी पोचेल. प्रत्यक्षात तो क्षणात येतो, कारण तो वाऱ्यावर बसून येतो. सेकंदाला एक मीटर वेगाची मंद झुळूकही हे अंतर एका सेकंदात तोडते.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. सुगंधी फुलझाड वाटेच्या त्या बाजूला लावावे, ज्या बाजूने वारा येतो. महाराष्ट्रात पावसाळ्यातील वारा प्रामुख्याने पश्चिम व नैर्ऋत्य दिशांकडून येतो. सोनचाफा पावसाळ्यात भरभरून फुलतो. तेव्हा त्याची जागा वाटेच्या पश्चिमेला. इमारतींच्या आडोशाने वारा वळतो, म्हणून स्वतः तपासून घ्यावे. उदबत्ती पेटवून तिचा धूर कोणीकडे जातो, हे आठवडाभर शाळेच्या वेळात टिपून ठेवा. याहून स्वस्त उपकरण मिळणार नाही.

दुसरा नियम वेळेचा. रातराणीचा वास कितीही मोहक असला तरी ती रात्री फुलते. तुमची शाळा ११ ते ५ भरत असेल तर रातराणीचा तुम्हाला उपयोग नाही. शिवाय तिची फळे विषारी आहेत. पारिजातकाची फुले पहाटे गळतात. सकाळच्या शाळेतील मुलांना झाडाखाली फुलांचा सडा मिळेल, दुपारच्या मुलांना त्याचा वास फारसा उरणार नाही. पण त्यांच्यासाठी पारिजातकाची खरखरीत पाने आहेतच. मोगऱ्याचा मुख्य बहर उन्हाळ्यातला, आणि मे महिन्यात शाळेला सुटी! म्हणून बागेचा कणा फुलांवर न ठेवता पानांवर ठेवावा. तुळस, पानओवा, गवती चहा आणि कढीपत्ता बाराही महिने हजर असतात. फुले पाहुण्यांसारखी : पावसाळ्यात सोनचाफा, अनंत व तेरडा, शरदात पारिजातक, हिवाळ्यात शेवंती व झेंडू.

तिसरा नियम नाकाच्या थकव्याचा. अत्तराच्या दुकानात शिरताच येणारा घमघमाट पाच मिनिटांनी जाणवेनासा होतो. एकच वास सतत येत राहिला तर नाक त्याची दखल घेणे सोडते. दोन तीव्र वास एकत्र आले तर दोन्ही ओळखणे कठीण होते. म्हणून तीव्र वासाच्या दोन झाडांमध्ये दोन-तीन मीटर अंतर ठेवून मध्ये बिनवासाची, स्पर्शाची झाडे लावावी. खूप सुगंधी झाडे एकत्र लावली की बाग अधिक चांगली होते, हा समज चुकीचा आहे. अंध मुलाच्या दृष्टीने तर तो घातकच, कारण वास ही त्याची वाटेवरची खूण असते. ‘गवती चहा आला, आता उजवीकडे वळायचे’ असे त्याला म्हणता आले पाहिजे.

ध्वनी : कानाने सापडणारा कोपरा

आवाज कोणत्या दिशेने आला हे डोळे मिटूनही कसे कळते? आपल्या दोन कानांत सुमारे २० सेंटीमीटर अंतर आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर अगदी एका बाजूने आलेला आवाज दूरच्या कानात साधारण ०.०००६ सेकंद उशिरा पोचतो. एवढासा फरक मेंदूला पुरतो. शिवाय आवाजाची वारंवारता जास्त असेल तर तरंगलांबी डोक्याच्या आकारापेक्षा लहान होते व डोक्याची ‘सावली’ पडते. दूरच्या कानाला आवाज क्षीण ऐकू येतो. पानांच्या सळसळीत उच्च वारंवारतेचे आवाज भरपूर असतात. म्हणून सळसळणारे झाड कोणत्या बाजूला आहे, हे कानाला अचूक कळते.

पिंपळाची पाने लांब व सडपातळ देठांवर टांगलेली असतात. त्यामुळे थोड्या वाऱ्यातही ती एकमेकांवर आपटून वाजतात. परंतु पिंपळाची मुळे भिंती फोडतात. लहान बागेत तो लावू नये. आवारात आधीच असेल तर मात्र वाट त्याच्या बाजूने न्यावी. बागेच्या कोपऱ्यासाठी बांबू चांगला. पाने सळसळतात आणि वाऱ्यात खोडे एकमेकांवर घासून करकरतात. कळकाला काटे असतात, म्हणून कोकणातील बिनकाट्यांच्या माणग्यासारखी जात घ्यावी. मात्र बांबूचे बेट एकाच कोपऱ्यात असावे. चारही कोपऱ्यांत बांबू लावला तर खूण म्हणून त्याचा उपयोग संपला.

समुद्रकाठच्या शाळांना सुरूचे झाड परिचित आहे. त्याची पाने वाजत नाहीत, ते ‘सूं’ असा आवाज काढते. वारा एखाद्या बारीक तारेवरून गेला की तारेच्या मागे हवेचे भोवरे एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने सुटतात. त्यांची वारंवारता साधारणपणे ०.२ × वाऱ्याचा वेग ÷ तारेची जाडी इतकी असते. सुरूच्या हिरव्या काडीची जाडी १ मिलिमीटर आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ मीटर धरला तर उत्तर येते सुमारे ६०० कंपने प्रति सेकंद. वारा वाढला की सूर चढतो. सुरू छाटून त्याचे कुंपणही करता येते. ते कुंपण म्हणजे कानांनी वाचायचा वातवेगमापकच!

दृष्टी : रंग नव्हे, भेद

अंध समजली जाणारी सगळीच मुले पूर्ण अंधारात नसतात. अनेकांना उजेड-अंधार किंवा मोठे ठिपके कळतात. त्यांच्यासाठी फुलाचा रंग महत्त्वाचा नाही. फूल आणि मागची पाने यांच्या तेजस्वितेतील फरक महत्त्वाचा. एक तेलकट कागद डोळ्यांसमोर धरून बागेकडे पाहा. गर्द हिरव्या पानांतील लाल जास्वंद जवळजवळ नाहीशी होते. पिवळा झेंडू आणि पांढरी शेवंती मात्र उठून दिसतात. म्हणून विखुरलेली चार फुले लावण्याऐवजी एकाच पिवळ्या रंगाचा मीटरभर लांबीचा सलग वाफा करावा आणि त्याच्यामागे गडद पानांचे झाड ठेवावे. संध्याकाळी लाल रंग सर्वांच्याच डोळ्यांना आधी काळवंडलेला दिसू लागतो आणि पांढरा शेवटपर्यंत टिकतो. संध्याकाळी उमलणारी मोगरा, जाई, निशिगंध ही फुले पांढरीच असतात. रात्री हिंडणाऱ्या पतंगांना ती सापडतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

चव : एकच वाफा, नळाजवळ

थोडी बडीशेप घ्या, नाक घट्ट दाबून धरा आणि चावा. नुसता किंचित गोडसर चोथा लागेल. आता नाक सोडा. बडीशेप ‘बडीशेप’ होते! ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग वासच असतो. जिभेला स्वतःला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरस किंवा टोमॅटो यांतील रुचकरपणा एवढेच कळते.

मिरचीचा तिखटपणा आणि पुदिन्याच्या गोळीचा गारवा या तर चवीच नाहीत. मिरचीतील कॅप्सेसिन हा पदार्थ ज्या ग्राहीला चाळवतो, तोच ग्राही चटका बसल्याचेही सांगतो. डेव्हिड ज्युलियस यांनी तो १९९७ साली शोधला. गोळीतील मेंथॉल ज्याला चाळवते तो थंडीचा ग्राही २००२ साली ज्युलियस व आर्डेम पटापुटियन यांनी स्वतंत्रपणे शोधला. पटापुटियन यांनी २०१० साली दाबाला प्रतिसाद देणारे ग्राहीही शोधले. तापमान व स्पर्श यांच्या या ग्राहींसाठी दोघांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. झाडांच्या रसायनांनी माणसाच्या इंद्रियांची कुलपे उघडून दिली, ती अशी.

चवीचा वाफा एकच असावा आणि तो पाण्याच्या नळाजवळ असावा. पुदिना, पानओवा, आंबट चुका व तुळस एवढी झाडे पुरेत. या वाफ्यावर कीटकनाशक कधीही फवारू नये. पान तोडावे, धुवावे आणि शिक्षकांसमोरच खावे.

काय लावू नये

निवडीचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा. नेहमीच्या बागेत विषारी झाड असले तरी मुले ते लांबूनच पाहतात. आपल्या बागेत तर आपण मुलांना सांगणार आहोत की हात लावा, चुरडा, हुंगा. तेव्हा ‘जेथे हात पोचेल तेथे तोंडही पोचेल’ असे धरूनच चालावे. चुकून तोंडात गेले तर जिवावर बेतेल असे एकही झाड या बागेत नको.

तांबडी-पांढरी कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांचे सर्व भाग विषारी आहेत. पिवळ्या कण्हेरीच्या बियांनी हृदयाची गती बिघडते व माणूस दगावू शकतो. धोतरा, एरंडाच्या बिया आणि गुंजा यांचेही तसेच. गुंजेची लाल-काळी, गुळगुळीत बी हाताला इतकी छान लागते की ती स्पर्शाच्या वाफ्यासाठी कोणालाही सुचावी. पण चावल्यास ती प्राणघातक ठरू शकते. रुई व शेर यांचा चीक डोळ्यात गेल्यास डोळ्याला इजा होते. ज्या मुलाची थोडीशी दृष्टी शिल्लक आहे त्याच्या बाबतीत हा धोका पत्करता येईल का? घाणेरीचा वास ठळक, पान खरखरीत. परंतु तिची कच्ची फळे विषारी आहेत. खुळखुळ्याच्या वाळलेल्या शेंगा हलवल्या की सुंदर वाजतात, पण त्याच्या बियाही विषारी. त्याऐवजी शिरीषाच्या वाळलेल्या चपट्या शेंगा आणून दोरीने उंच टांगाव्या. हिवाळ्यात वाऱ्यावर त्या छान वाजतात. घायपातीच्या टोकदार पानांना तर डोळ्यांच्या उंचीवर थारा देऊच नये. गाजरगवत उगवताच उपटून टाकावे, कारण त्याने त्वचेला व श्वसनाला त्रास होतो. उपटताना हातमोजे घालावे.

आराखडा

समजा, शाळेमागे १० मीटर लांब व ६ मीटर रुंद जागा आहे. मधून दीड मीटर रुंदीची सरळ, सपाट वाट ठेवा, म्हणजे चाकाची खुर्चीही जाईल. दोन्ही बाजूंस विटांचे, सुमारे ७० सेंटीमीटर उंचीचे वाफे बांधा. वाफा एकाच बाजूने हाताळायचा असेल तर त्याची रुंदी ६० सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. त्यापुढे लहान मुलाचा हात पोचत नाही. मोठी झाडे वाफ्यांच्या मागे जमिनीत लावा. वाटेच्या कडेने कमरेइतक्या उंचीवर जाड दोर बांधा आणि त्याला गाठी मारा : स्पर्शाच्या झाडापाशी एक गाठ, वासाच्या झाडापाशी दोन, चवीच्या वाफ्यापाशी तीन. लोखंडी कठडा नको. उन्हात तापलेले लोखंड आणि तापलेले लाकूड एकाच तापमानाला असले तरी लोखंडाची उष्णतावाहकता शेकडो पट जास्त, म्हणून त्याचाच चटका बसतो. याच कारणासाठी ब्रेलमधील नावांच्या पट्ट्या पत्र्याच्या न करता प्लॅस्टिकच्या कराव्या. मराठीसह भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही एकच पद्धत १९५१ पासून रूढ आहे.

शेवटची कसोटी मुलांनीच घ्यायची. निवडलेल्या प्रत्येक झाडाचे पान किंवा फूल पाच मुलांना डोळ्यांवर रुमाल बांधून द्या. एकदा ओळख करून द्या आणि दहा मिनिटांनी पुन्हा ओळखायला सांगा. पाचांपैकी चौघांना जे ओळखता आले नाही, ते झाड यादीतून काढा. पण येथे एक सावधगिरी हवी. रुमाल बांधलेला मुलगा आणि अंध मुलगा एकसारखे नसतात. एकाला घटकाभर अंधार मिळालेला असतो, तर दुसऱ्याने आपल्या बोटांना, कानांना व नाकाला वर्षानुवर्षे शिकवलेले असते. रुमालवाल्यांना न कळणारे फरक त्याला कळतील. उलट, तुम्हाला सोपी वाटणारी वाट त्याला गोंधळात टाकील. तेव्हा शाळेत असा विद्यार्थी असेल तर यादी पक्की होण्यापूर्वी त्याला बोलवा. उद्घाटनाच्या दिवशी बोलावणे पुरेसे नाही. खड्डे खणण्याच्या आधी त्याचे मत घ्या आणि जेथे तुमचे व त्याचे मत जुळणार नाही तेथे त्याचे ग्राह्य धरा.

शिक्षकांना एक सूचना. आठवी ते दहावीच्या अभ्यासक्रमातील उष्णता, ध्वनी, प्रकाश व वनस्पतींचे समन्वय या प्रकरणांचे बरेच प्रयोग या बागेत घेता येतील. त्या तासाला अंध विद्यार्थ्याला बाकावर बसून ऐकत राहावे लागणार नाही. कोरफड आणि कपाशी यांच्यातील फरक तोच सर्वांत आधी सांगेल.

स्वाध्याय

१. विसरणाने वास २ मीटर अंतरावर पोचण्यास किती वेळ लागेल, ते वरील सूत्राने काढा.

२. सुरूच्या काडीची जाडी १ मि.मी. आणि वाऱ्याचा वेग ताशी १८ कि.मी. असेल तर निघणाऱ्या सुराची वारंवारता किती?

३. तुमच्या शाळेच्या आवारातील दहा झाडांची यादी करा. प्रत्येक झाड कोणत्या इंद्रियाला, किती अंतरावरून, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या महिन्यांत काही सांगते, याचा तक्ता तयार करा.

४. त्याच दहा झाडांपैकी कोणती विषारी, काटेरी किंवा चिकाची आहेत, हे शिक्षकांच्या मदतीने शोधा. हा तक्ता आधी पुरा करा. मगच कुदळ हाती घ्या.